खेड्यातलं बीए कॉलेज बंद करा म्हणणाऱ्यांना

तापीकाठची:
काल आपल्या ग्रुपवर कपाशी_पाच_एकर भाऊंची पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही म्हणून लिहितेय, लांबणार आहे. भाऊंचं म्हणणं थोडक्यात असं: "खेड्यातली अनुदानित कला महाविद्यालयं बंद करा. वर्गात सात पोरं, प्राध्यापकाला लाखाचा पगार, बीए झालेली पोरं पारावर बसून असतात. त्याच इमारतीत आयटीआय काढा." खाली अंगठ्यांची रांग लागलेली.

माझं कॉलेज असंच होतं. दहा खोल्या, त्यातल्या दोन गळक्या, समोर निंबाचं झाड आणि शाखा एकच, कला. गावापासून पाच किलोमीटर. वडील म्हणाले होते, बारावीच्या पुढं शीक पण संध्याकाळी चूल पेटायच्या आत घरात पाहिजे. धुळ्याला होस्टेलवर ठेवायचा विषयच नव्हता, पैसा नव्हता आणि असता तरी पाठवलं नसतं. म्हणजे माझ्यासमोर हे कॉलेज की मोठं कॉलेज असा प्रश्न नव्हताच, हे कॉलेज की लग्न असा होता. गल्लीतल्या चार मैत्रिणींचं बारावीच्या सुट्टीतच जमलं.

लायब्ररियनचं पद रिकामं, म्हणून कपाटाची किल्ली मराठीच्या सरांच्या खिशात. दुपारच्या सुट्टीत ते कपाट उघडायचे, मग रजिस्टरवर पुस्तकाचं नाव, तारीख, सही. कापसाच्या दिवसात बोंडांच्या टोकांनी माझी बोटं फाटलेली असायची, पेन धरलं की झोंबायचं. सर म्हणायचे, सावकाश कर सही, पुस्तक कुठं पळून जात नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या रजिस्टरची सतरा पानं माझ्या नावानं भरली होती.

पदवी होती म्हणून तलाठी भरतीचा फॉर्म भरता आला. आज माझ्या सहीनं सातबारा निघतो. पोरीला शिकवून काय करतोस असं माझ्या वडिलांना विचारणारे चुलते वारस नोंदीला माझ्याच टेबलासमोर उभे होते. त्यांचं काम मी त्याच दिवशी केलं. आता सांगा, ते कॉलेज बंद करून कोणाचं भलं होणार होतं?

कपाशी_पाच_एकर:
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण एक पोरगी तलाठी झाली म्हणून सगळं झाकून टाकायचं का? मीपण बीए, राज्यशास्त्र, तुमच्यासारख्याच कॉलेजातून. आमच्याकडं कापूस फुटला की वर्ग रिकामा, सगळे वेचणीला, आणि हजेरीपत्रकात मात्र सगळ्यांची 75 टक्के भरलेली. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड, झाला अभ्यास. आमच्या एका सरांना तीन वर्षांत मी मोजून नऊ वेळा पाहिलं असेल. धाकट्या भावानं दहावीनंतर आयटीआयला वायरमन केलं, आज कोणाचीही मोटार जळाली की गाव त्याला फोन लावतं. माझं पदवी प्रमाणपत्र ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत आहे. मुली बघायला गेलो तर बायोडाटावर बीए वाचून मुलीचा बाप म्हणायचा, ते ठीक, पण करतो काय? हे मी सहा घरी ऐकलंय. म्हणून लिहिलं, कोणाचा द्वेष म्हणून नाही.

तापीकाठची:
तुमचा भाऊ दहावीनंतर तालुक्याला गेला, रूम करून राहिला, बरोबर? तुमच्या बहिणीला पाठवलं असतं?

कपाशी_पाच_एकर:
बहिणीला मधे आणायचं काम नाही. मुद्द्यावर बोला.

तासिकावाला:
लाखाचा पगार हा शब्द वाचून माझं डोकं फिरलं. कोणाचा लाखाचा? मी सेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास, पीएचडी, नऊ वर्षं तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढेच पैसे. मे महिन्यात तास नाही म्हणजे पैसा नाही, दिवाळीत तेच, आणि घेतलेल्या तासांचं बिलही कधीकधी चार-पाच महिने अडकून असतं. एका ठिकाणी पक्क्या जागेच्या मुलाखतीला गेलो, विषयातलं काही विचारायच्या आधीच संस्थेच्या माणसानं बाजूला घेऊन आकडा सांगितला. आमची सगळी जमीन विकली असती तरी तेवढा जमला नसता. वडील बाहेर गाडीपाशी उभे होते, त्यांना सांगितलं की मुलाखत बरी गेली. राज्यशास्त्राचे सर नऊ वेळा दिसले म्हणता ना, ते माझ्यासारखेच तीन कॉलेजं धरून फिरत असतील, सकाळी एक, दुपारी दुसरं. पदं भरत नाहीत आणि मग शिकवत नाहीत म्हणून कॉलेज बंद करा म्हणतात.

आणि नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. संलग्न कॉलेजांना 2024-25 पासून ते लागू झालं. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय दुसऱ्या शाखेचा घ्यायचा, आता जिथं शाखाच एक तिथं दुसरी आणायची कुठून? इतिहासाच्या माणसाला बँकिंग शिकवायला उभं करतात. सहाव्या सेमला ऑन जॉब ट्रेनिंग, आमच्या गावात एक सोसायटी, एक पतपेढी आणि दोन कृषी केंद्रं, चाळीस पोरं कुठं बसवू? धोरणात सरळ लिहिलंय, 2040 पर्यंत प्रत्येक संस्था बहुशाखीय व्हावी आणि तीन हजार किंवा जास्त विद्यार्थी असावेत हे ध्येय. एकाच शाखेच्या संस्था हळूहळू संपवायच्या. म्हणजे कपाशीवाले भाऊ, तुमची मागणी आधीच कागदावर आहे, तुम्ही उगाच पोस्ट लिहायचे कष्ट घेतले.

साक्रीकर_सध्या_पुण्यात:
तीन हजारांचं एक चांगलं कॉलेज असेल तर वाईट काय? सगळे विषय, लॅब, मैदान, सगळं एका जागी. ज्यांना जाता येत नाही त्यांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, घरी बसून करा. आणि पदवी म्हणजेच शहाणपण हे डोक्यातून काढा. ज्या बहिणाबाईंचं नाव 2018 ला आपल्या जळगावच्या विद्यापीठाला दिलं त्या शाळेत गेल्या होत्या का? लिहिता-वाचता येत नसताना अहिराणीत एवढं मोठं काव्य लिहिलं. शेतात राबून. कोणत्या बीएवाल्याला जमलं?

तापीकाठची:
घरी बसून शिका हे पुरुष सहज बोलतात. घरी बसून म्हणजे भाकरी थापता थापता, धाकट्यांना आंघोळ घालता घालता. पुस्तक उघडलं की आई म्हणणार रिकामीच आहेस तर धान्य निवड. मला कॉलेजनं विषयांच्या आधी घराबाहेरचे चार तास दिले. ते मुक्त विद्यापीठ देऊ शकत नाही, कितीही चांगलं असलं तरी. आणि तुमचं तीन हजारांचं कॉलेज जिल्ह्याच्या गावाला होणार. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट, पुढं पैसे, आणि पैसे भरले तरी संध्याकाळची गाडी येईलच असं नाही.

असोदेकर:
बाकी चर्चा चालू द्या पण साक्रीकर, बहिणाबाई अहिराणीत नाहीत हो. किती वेळा सांगायचं. ती लेवा गणबोली, तावडी म्हणा हवं तर. माहेर आमचं असोदं, सासर जळगाव. आणि त्यांनी लिहिलं नाही, रचलं. त्या शेतात, जात्यावर म्हणत गेल्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी उतरवून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. अहिराणीत आहे ला शे येतं, माझा-तुझा ला मना-तुना येतं, त्यांच्या कवितेत शे दाखवा मला एक.

साक्रीकर_सध्या_पुण्यात:
खान्देशातली आहे ना, मग बाहेरचे लोक अहिराणीच म्हणतात. एवढं काय त्यात.

असोदेकर:
एवढं काय? तुमच्या बापाची जमीन शेजाऱ्याच्या नावावर चढली तर एवढं काय म्हणाल का? संमेलन असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, टीव्ही असो, आम्ही जिथं तिथं हीच दुरुस्ती करत फिरतोय. माझी आजी अक्षर न अक्षर तशीच बोलायची. ती गेली तेव्हा आमच्या घरातलं ते बोलणंच गेलं, मुलं तर आता टीव्हीचं मराठी बोलतात.

पांझराकाठचा:
लेवा बोलीचं तुम्ही बरोबर सांगताय, पण दरवेळी अहिराणी नाही, अहिराणी नाही असं ज्या ठसक्यात म्हणता ते लागतं. जसं काही अहिराणी म्हटलं की कमीपणा. अकरावीला धुळ्याला एका नावाजलेल्या कॉलेजात गेलो, पहिल्या आठवड्यात उभा राहून म्हटलं, "माले समजनं नही सर." अख्खा वर्ग हसला, सरपण हसले. मी दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नाही. वहीत सगळं लिहायचो, विचारायचो काही नाही, गणित तिथंच सुटलं माझं. आमची भाषा 2011 च्या जनगणनेत खानदेशी म्हणून मराठीपासून वेगळी मोजलीय, 18 लाखांच्या वर लोक. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सननं तर शंभर वर्षांपूर्वीच तिला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या खंडात घातलं. आणि आम्ही वर्गात ती बोललो की हसू.

असोदेकर:
जिभाऊ, मी अहिराणीला कमी लेखलं असेल तर दाखवा. मी फक्त म्हणतो ज्याचं त्याला द्या. तुमच्या भाषेत काय कमी आहे की आमची बाई लागते?

पांझराकाठचा:
आमची बाई, तुमची बाई. झालं. बहिणाबाई आता लेवा समाजाची झाली का फक्त?

असोदेकर:
हे मी बोललोच नाही. माझ्या तोंडात शब्द घालू नका. भाषेचं बोलतोय, जातीचं तुम्ही आणलं.

धडगावचा_पावरा:
तुम्ही दोघं भांडत बसा, मी पावरी बोलतो, आम्हा सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची भाषा. मला अहिराणी बाजारात शिकावी लागली आणि मराठी शाळेत, दोन्ही परक्याच. तुमच्यावर वर्ग हसला, आमच्यावर मास्तर हात उगारायचे. धडगावहून जळगावला विद्यापीठात एका कागदासाठी जायचं तर अख्खा दिवस जातो आणि रात्री परत यायला गाडी नसते. वडीलधारे सांगतात की 1990 ला हे विद्यापीठ होण्याआधी सगळं पुणे विद्यापीठात होतं, म्हणजे तेव्हा तर विचारच नको. हे म्हणतात एक मोठं कॉलेज करा, एका जागी. कोणाची ती एक जागा?

मी बीए आमच्या इथंच केलं, लहानच कॉलेज. दुसऱ्या वर्षाला प्रकल्प होता, सर म्हणाले घरातलं एक गाणं अर्थासकट लिहून आणा, तुमच्या भाषेत, देवनागरीत. मी आजीजवळ बसलो, तिनं इंदलच्या, आमच्या सणाच्या वेळचं गाणं म्हटलं, मी मोबाईलवर घेतलं. मधेच थांबून तिनं विचारलं, हे कॉलेजात लागतं? म्हटलं हो, मार्क आहेत याला. मग तिनं पहिल्यापासून परत म्हटलं, सावकाश, एकेक ओळ सोडून सोडून, मला लिहिता यावं म्हणून. मला दहापैकी नऊ पडले. आजी आता नाही. ते रेकॉर्डिंग माझ्या तीन मोबाईलमधून पुढं पुढं नेलंय मी. तीन हजारांच्या कॉलेजात कोणत्या सरांना वेळ असता?

पांझराकाठचा:
दादा, हे वाचून गप्प बसलो. आमच्याकडं कोणी असं सांगितलंच नाही कधी.

कपाशी_पाच_एकर:
सगळं वाचलं. तासिकावाले सर, तुमचा पगार मला माहीत नव्हता, लाखाचा शब्द मागं घेतो, पोस्टमधूनपण काढतो. पण खोटी हजेरी मागं घेणार नाही. कॉलेज पोरींसाठी ठेवायचं तर कॉलेजसारखं चालवा. हजेरीपत्रक दर महिन्याला नोटीस बोर्डवर लावा, भरलेली पदं किती, रिकामी किती ते गेटवर लिहा. कापसाच्या दिवसात पोरं येत नाहीत हे सगळ्यांना माहितीय, मग तेव्हाच सेमिस्टरचे पेपर कशाला ठेवता? पेपर आणि वेचणी एका आठवड्यात, घरचे म्हणणार आधी कापूस. हे विद्यापीठात कोणी बोलतं का? आणि आयटीआयवर मी ठाम आहे, आमच्या भागात पाहिजेच. त्याच इमारतीत नसेल तर शेजारी काढा.

ताई, तुम्ही बहिणीचं विचारलं ते मला आवडलं नाही. रात्री तिला फोन केला होता. काय बोलणं झालं ते इथं लिहिणार नाही.

तापीकाठची:
नका लिहू भाऊ. मीपण जरा टोचूनच विचारलं होतं. पेपर आणि वेचणीचं तुमचं शंभर टक्के खरंय, माझा दुसऱ्या वर्षाचा एक पेपर त्यातच राहिला होता. शेजारी आयटीआय काढत असाल तर अर्जावर पहिली सही माझी, फक्त त्यात मुलींसाठी ट्रेड ठेवा, आणि शिवणकाम सोडून.

तासिकावाला:
विद्यापीठात बोलायला आम्ही कोण, तिथल्या मंडळांवर पक्के लोक असतात. तरी वेळापत्रकाचं निवेदन मी लिहून देतो, पोरांच्या आणि पालकांच्या सह्या तुम्ही गावागावातून आणा. माझी सही चालणार नाही, पुढच्या वर्षी मला तास मिळणार नाहीत.

कपाशी_पाच_एकर:
सह्या आणतो. आमच्या गावातून चाळीस तरी होतील.

साक्रीकर_सध्या_पुण्यात:
ठीक आहे, जागेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, पुण्यात राहून येत नाही. पण बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या हे तरी खरंय ना?

असोदेकर:
खरंय. त्यांना कोणी पाठवलंच नव्हतं.