‘सँडबॅगिंग’ ते ‘तोफा थंडावल्या’ : ऑस्ट्रेलियातील प्रचाराची युद्धभाषा मराठीत आणताना

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील निवडणुकीच्या बातम्या मराठीत लिहिताना ‘सँडबॅगिंग’ हा शब्द वारंवार अडतो. एका मसुद्यात त्याचे ‘वाळूची पोती रचणे’ असे रूप झाले आहे, तर दुसऱ्यात ‘बालेकिल्ला अभेद्य करणे’ असे. यांपैकी योग्य कोणते? प्रचाराच्या संदर्भात येणाऱ्या इतर लष्करी शब्दांसाठी मराठी वृत्तपत्रांत रूढ असलेली युद्धभाषा सरसकट वापरावी का?

उत्तर : दोन्ही मसुदे अर्थाच्या जवळ जाऊन चुकले आहेत. त्याचे कारण मराठी आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजी यांच्या युद्धप्रतिमा वेगवेगळ्या युद्धांतून आल्या आहेत, हे आहे. मराठी राजकीय भाषेतले युद्ध गडकिल्ल्यांचे, घोडदळाचे आणि तोफांचे आहे. बालेकिल्ला, शिलेदार, रसद, फितुरी, मोर्चेबांधणी, रणशिंग, खिंड लढवणे हा सारा शब्दसंग्रह सतराव्या-अठराव्या शतकांतला. ऑस्ट्रेलियन प्रचारातले युद्ध मात्र बहुतांशी विसाव्या शतकातले आहे. त्यात खंदक आहेत, हवाई मारा आहे, पॅराशूट आहे. त्यामुळे एका भांडारातला शब्द काढून दुसऱ्याच्या जागी बसवताना आधी त्या वाक्यात कोण चढाई करतो आहे, कोण बचाव करतो आहे आणि मतदाराला कोठे उभे केले आहे, हे पाहावे लागते.

‘सँडबॅगिंग’ हा निव्वळ बचावाचा शब्द आहे. आपल्या काही जागा हातच्या जाणार असे पक्षाला दिसू लागले, की तो पैसा, कार्यकर्ते, नेत्याचे दौरे आणि रस्ता-रुग्णालयांची आश्वासने त्या मोजक्या मतदारसंघांकडे वळवतो. ज्या जागा सुरक्षित आहेत त्यांच्यासाठी हा शब्द वापरत नाहीत, आणि म्हणूनच ‘बालेकिल्ला’ येथे बसत नाही. बालेकिल्ला म्हणजे गडाच्या आतला, सर्वांत उंचावरचा आणि शेवटी पडणारा भाग. सँडबॅगिंग होते ते काठावरच्या जागांचे. ‘काठावरची जागा’ हेही मोघम विशेषण नाही. ऑस्ट्रेलियाच्या निवडणूक आयोगाच्या वर्गवारीत विजेत्याला दोन प्रमुख उमेदवारांमधील अंतिम हिशोबात ५६ टक्क्यांहून कमी मते असली की ती जागा काठावरची, ५६ ते ६० टक्के असली की बऱ्यापैकी सुरक्षित आणि त्यापुढे सुरक्षित समजली जाते.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने सर्वांत जवळचा मराठी शब्द खरे तर ‘मोर्चेबांधणी’ आहे, कारण वेढ्याच्या वेळी तोफा-बंदुकांसाठी जो आडोसा उभारत तो मोर्चा. परंतु आज ‘मंत्रिपदासाठी मोर्चेबांधणी’ असे वाचताना आडोसा कोणालाच आठवत नाही. आठवतात त्या गाठीभेटी आणि दिल्लीच्या फेऱ्या. तेव्हा तो शब्द बाद. माझ्या मते वाक्यात प्रतिस्पर्ध्याच्या हल्ल्याचा उल्लेख असेल तर ‘धोक्यातल्या जागांभोवती तटबंदी करणे’ लिहावे आणि जनमताच्या झुकावाचा उल्लेख असेल तर ‘लाटेपुढे बांध घालणे’. वाळूची पोती खंदकात गोळीपासून वाचवतात तशी पुरातही वाचवतात, आणि क्वीन्सलंड किंवा उत्तर न्यू साउथ वेल्समधल्या मतदाराला पुराचा अर्थच अधिक ओळखीचा असावा. मराठीत निवडणुकीची ‘लाट’ आधीपासूनच आहे, त्यामुळे ‘बांध’ आपोआप जुळतो. पोकर किंवा गोल्फ खेळणारे मात्र याच इंग्रजी शब्दाने आपली ताकद मुद्दाम झाकून ठेवणे सुचवतात. शब्दकोशात तो अर्थ आधी सापडला तर भाषांतर उलटे होईल.

‘बालेकिल्ला’ कोठे वापरावा याची दोन उदाहरणे देतो. मेलबर्नमधील कूयाँग हा मतदारसंघ १९०१ साली संघराज्य स्थापन झाल्यापासून लिबरल पक्ष आणि त्याचे पूर्वसूरी पक्ष यांच्याकडेच होता. लिबरल पक्षाचे संस्थापक रॉबर्ट मेंझिस यांनी १९३४ ते १९६६ या काळात त्याचेच प्रतिनिधित्व केले. २०२२ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री जॉश फ्रायडनबर्ग येथे अपक्ष मोनीक रायन यांच्याकडून पराभूत झाले, तेव्हा ‘बालेकिल्ला ढासळला’ हे शब्द अक्षरशः खरे होते. २०२५ मध्ये विरोधी पक्षनेते पीटर डटन ब्रिस्बेनजवळच्या डिकसनमध्ये मजूर पक्षाच्या अली फ्रान्स यांच्याकडून हरले. स्वतःची जागा गमावणारे ते संघीय पातळीवरचे पहिलेच विरोधी पक्षनेते. बातमी मोठी आहे यात शंका नाही, परंतु २००१ पासून त्यांच्याकडे असलेली ही जागा मागच्या वेळी अंतिम हिशोबात अवघ्या ५१.७ टक्के मतांवर राखलेली होती. येथे ‘गड गेला’ म्हणता येईल. ‘बालेकिल्ला’ म्हटल्यास वाचकाचा समज चुकीचा होईल. नेता मोठा म्हणून त्याचा मतदारसंघ आपोआप बालेकिल्ला ठरत नाही, ही गफलत आपल्याकडच्या बातम्यांतही होते.

सर्वांत फसवा शब्द ‘बॅटलर’. १९९६ मध्ये लिबरल पक्षाचे नेते जॉन हॉवर्ड यांनी तेरा वर्षांचे मजूर सरकार घालवले, तेव्हा सिडनीच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतील जो पारंपरिक मजूर मतदार त्यांच्याकडे वळला त्याला ‘हॉवर्ड्स बॅटलर्स’ हे नाव पडले. त्याचे ‘हॉवर्ड यांचे लढवय्ये’ असे भाषांतर केले की हे लोक पक्षाचे कट्टर कार्यकर्ते वाटू लागतात, जे ते मुळीच नव्हते. ऑस्ट्रेलियन बोलीत बॅटलर म्हणजे हप्ते, भाडे आणि पगार यांची तोंडमिळवणी करता करता दमलेला, तरी हार न मानणारा साधा माणूस. त्याची लढाई परिस्थितीशी आहे, पक्षासाठी नाही. ‘खस्ता खाणारा’ हा त्याला जवळचा शब्द आहे. मथळ्यात ‘हॉवर्ड यांच्याकडे वळलेले कष्टकरी’ पुरेसे होईल.

‘स्मॉल टार्गेट’ म्हणजे विरोधकाला टीका करता येईल असे फारसे काही न मांडण्याची प्रचारनीती. या शब्दात प्रतिमा नेमबाजाची आहे. २०१९ मध्ये मजूर पक्षाने करांविषयीचा लांबलचक कार्यक्रम मांडून निवडणूक गमावली. २०२२ मध्ये त्याच पक्षाचे नेते अँथनी अल्बनीझी यांनी वादाला कारण होईल असे फारसे काही हाती दिले नाही आणि ते जिंकले. याची उलट बाजू लिबरल विरोधी पक्षनेते जॉन ह्यूसन यांच्या १९९१ च्या ‘फाइटबॅक’ या कार्यक्रमात दिसते. नावातच प्रतिहल्ला होता, दस्तऐवज साडेसहाशे पानांचा होता आणि त्यात १५ टक्के वस्तू व सेवा कराचा प्रस्ताव होता. हरणे अशक्य मानलेली १९९३ ची निवडणूक ह्यूसन हरले, कारण मजूर पक्षाचे पंतप्रधान पॉल कीटिंग यांना नेम धरायला जागाच जागा होती. ‘अंग चोरणे’ हा वाक्प्रचार येथे मोहात पाडतो, पण मराठीत अंग चोरणारा माणूस कामचुकार असतो. ‘वार करायला जागा न ठेवणे’ हे साधे वाक्य अधिक प्रामाणिक आहे.

‘एअर वॉर’ म्हणजे दूरचित्रवाणी, रेडिओ आणि आता समाजमाध्यमांवरील जाहिरातींचा मारा, आणि ‘ग्राउंड’ म्हणजे दारोदार फिरणारे, फोन करणारे, मतदान केंद्राबाहेर उभे राहणारे स्वयंसेवक. स्वतःचे पेट्रोल जाळून, कामावर रजा टाकून येणाऱ्या या स्वयंसेवकाला ‘शिलेदार’ म्हणणे जितके चपखल आहे तितके मराठी बातम्यांत क्वचितच असते, कारण शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा स्वार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पगारी प्रचारकाला ‘बारगीर’ कोणी म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी. ‘वॉर चेस्ट’साठी, म्हणजे प्रचारासाठी साठवलेल्या निधीसाठी, ‘रसद’ वापरावा. तो शब्द जिवंत आहे आणि पैशांसाठीच वापरला जातो.

या जमिनीवरच्या लढाईचे स्वरूप समजले नाही, तर प्रतिमाही चुकतात. ऑस्ट्रेलियात १९२४ च्या कायद्यापासून मतदान सक्तीचे आहे. त्यामुळे ‘मतदार बाहेर काढणे’ हे आपल्या बूथप्रमुखाचे मुख्य काम तेथील स्वयंसेवकाला नसते. मतदार येणारच आहे; त्याच्या हातात पसंतीचे क्रमांक कसे द्यावेत हे सांगणारे आपले ‘हाऊ टु व्होट’ पत्रक पडावे, एवढ्यासाठी सारी धडपड. केंद्राच्या प्रवेशद्वारापासून ६ मीटरच्या आत प्रचाराला बंदी असल्यामुळे त्या रेषेबाहेर निरनिराळ्या रंगांचे टी-शर्ट घातलेली माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात, एकमेकांना पाणी देतात आणि त्याच वेळी कुंपणावर आपला फलक दुसऱ्याच्या फलकावर सरकवत असतात. ‘रणांगण’ हा शब्द या दृश्याला फार मोठा होतो.

पसंतीक्रमाच्या पद्धतीने तर शत्रुत्वाची व्याख्याच बदलते. मतदाराला प्रतिनिधीगृहासाठी सर्व उमेदवारांना क्रमांक द्यावे लागतात आणि मागे पडलेल्याची मते पुढच्या पसंतीला जातात. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी जी गणिते चालतात, ती तेथे प्रत्येक मतदारसंघात चालतात. ज्याच्यावर आज टीका करायची त्याच्याच समर्थकांचा दुसरा क्रमांक उद्या हवा असतो. म्हणून पक्षांतील पसंतीच्या देवाणघेवाणीला मी ‘तह’ म्हणणार नाही. तहाआधी युद्ध थांबते. येथे ते चालूच राहते. ‘पसंतीचा समझोता’ म्हणावे.

याच्याच शेजारचा शब्द म्हणजे ‘थ्री-कॉर्नर्ड काँटेस्ट’. ‘तिरंगी लढत’ हे भाषांतर हातासरशी होते, परंतु ऑस्ट्रेलियात हा शब्द प्रामुख्याने लिबरल आणि नॅशनल या युतीतल्या दोन्ही पक्षांनी एकाच जागेवर मजूर पक्षाविरुद्ध उमेदवार दिल्यास वापरतात. त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे : ‘मैत्रीपूर्ण लढत’. त्यात मैत्री किती असते, ते दोन्हीकडच्या वाचकांना ठाऊक आहे.

‘पॅराशूट’ मात्र जसाच्या तसा ठेवायला हरकत नाही. २०२२ मध्ये मजूर पक्षाने क्रिस्टिना केनिली यांना सिडनीच्या पश्चिमेकडील फाउलर येथे उमेदवारी दिली. त्या राहत होत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि व्हिएतनामी वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असलेल्या या मतदारसंघात व्हिएतनामी निर्वासितांच्या मुलीची, एका स्थानिक वकील महिलेची, दावेदारी डावलली गेली होती. १९८४ मध्ये मतदारसंघ निर्माण झाल्यापासून कधी न गमावलेली जागा पक्षाने गमावली. निवडून आल्या त्या अपक्ष दाई ले. ‘उपरा उमेदवार’ आणि ‘आयात उमेदवार’ हे दोन्ही शब्द मराठीत आहेत, तरी वरून कोणी तरी आणून टाकल्याची भावना ‘पॅराशूट’मध्येच येते.

याउलट ‘रॅट’. १९१६ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीच्या प्रश्नावर पंतप्रधान बिली ह्यूझ यांनी मजूर पक्ष फोडला. त्यांच्यासाठी आणि त्यानंतर पक्ष सोडणाऱ्या प्रत्येकासाठी मजूर पक्षाने हा शब्द राखून ठेवला. मराठीतला ‘उंदीर’ भित्रा असतो, विश्वासघातकी नसतो. ‘फितूर’ लिहावे.

शंका : ‘कॅप्टन्स पिक’ हाही लष्करी शब्द आहे का? आणि मतदानाच्या आदल्या दिवसांसाठी ‘प्रचाराच्या तोफा थंडावल्या’ हा मथळा चालेल का?

उत्तर : पहिल्याचे उत्तर नाही. तो कप्तान क्रिकेटचा आहे. पक्षाला न विचारता नेत्याने एकट्याने केलेल्या निवडीला हा शब्द लावतात. २०१३ मध्ये पंतप्रधान ज्यूलिया गिलार्ड यांनी सिनेटसाठी नोव्हा पेरिस यांची निवड अशीच केली. २०१५ मध्ये पंतप्रधान टोनी ॲबट यांनी राजपुत्र फिलिप यांना सर हा किताब दिला आणि ‘कॅप्टन्स कॉल’ हा शब्द चेष्टेचा विषय झाला. ऑस्ट्रेलियन राजकीय भाषेचा बराच भाग सैन्यापेक्षा क्रिकेट, फुटबॉल आणि घोड्यांच्या शर्यतींवर चालतो. आपल्याला ‘शड्डू ठोकला’ आणि ‘चारी मुंड्या चीत’ आखाड्यातून मिळाले तसेच हे. अशा ठिकाणी ‘सेनापतीची निवड’ लिहू नये.

येथे उलट प्रकारची सावधगिरीही सांगायला हवी. काही शब्द लष्करी दिसतात कारण ते खरोखरच लष्करी असतात. २०१३ च्या निवडणुकीत ॲबट यांनी निर्वासितांच्या होड्या रोखण्याचे आश्वासन दिले आणि सत्तेवर येताच ‘ऑपरेशन सॉव्हरिन बॉर्डर्स’ सुरू केले. त्याची सूत्रे लेफ्टनंट जनरल अँगस कॅम्बल यांच्याकडे दिली आणि समुद्रावरील घटनांची माहिती कारवाईच्या गोपनीयतेच्या नावाखाली पत्रकारांना नाकारली. प्रचाराची घोषणा येथे प्रत्यक्ष लष्करी रचनेत उतरली होती. त्याचे ‘मोहीम’ हे भाषांतर बरोबर आहे, परंतु त्याच लेखात निवडणूक प्रचारालाही ‘मोहीम’ म्हटले असेल तर वाचकाला दोन्ही सारखेच वाटतील. तेथे प्रचाराला ‘प्रचार’च म्हणावे. तसेही मराठीत उमेदवार अर्ज भरताक्षणी निवडणूक ‘लढवू’ लागतो, तर ऑस्ट्रेलियात तो नुसता ‘उभा राहतो’ किंवा ‘धावतो’. आपले क्रियापदच तापलेले असताना विशेषणांनी आणखी जाळ लावण्याची गरज नसते. २५ एप्रिलचा अँझॅक दिन, म्हणजे युद्धांत मेलेल्या सैनिकांचा स्मरणदिन, २०१९, २०२२ आणि २०२५ या तीनही निवडणुकांच्या प्रचारकाळात आला. पहाटेच्या स्मरणसभेला दोन्ही बाजूंचे नेते जातात आणि पक्षीय प्रचार बराचसा बाजूला ठेवतात. त्या दिवसाच्या बातमीत ‘शस्त्रसंधी’ असा शब्द मी पाहिला आहे. पहिल्या महायुद्धातील गलिपोलीच्या लढाईतल्या मृतांच्या स्मरणदिनी तो कसा वाचला जाईल, याचा विचार लिहिणाऱ्याने केला नसावा.

आता तोफा. भारतात मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार बंद होतो आणि तो मथळा शोभतो. ऑस्ट्रेलियात शनिवारच्या मतदानाआधी बुधवार संपताना मध्यरात्री थांबतात त्या फक्त दूरचित्रवाणी आणि रेडिओवरील निवडणूक जाहिराती. वृत्तपत्रे आणि इंटरनेट यांना ही बंदी लागू नाही, सभा व दारोदार फिरणे चालूच राहते आणि मतदानाच्या दिवशीही ६ मीटरच्या रेषेबाहेर पत्रके वाटली जातात. ‘तोफा थंडावल्या’ लिहिल्यास माहितीच चुकेल. ‘दूरचित्रवाणी-रेडिओवरील प्रचार थांबला’ हा मथळा फिका असला तरी तोच द्यावा.