जलपर्णीसाठी विलीनीकरण कशाला?

'पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका एक करा, म्हणजे मुळा नदीतली जलपर्णी जाईल' असं एक मत मांडलं जातं, ते पटलं नाही. एकत्रीकरणाशिवाय खर्च वाटून घेता येतो. दोन्ही शहरांची बससेवा, पीएमपीएमएल, 2007 पासून पुणे 60, पिंपरी-चिंचवड 40 अशा हिश्श्यावर चालतेच आहे. (बस वेळेवर येत नाही, हा वेगळा विषय!)

नदीत अडतं ते वेळापत्रकावर. औंध-सांगवी पट्ट्यात एक काठ पुण्याचा, दुसरा पिंपरी-चिंचवडचा. पुढे खडकी कॅन्टोन्मेंट. निविदा वेगळ्या, कार्यादेशही वेगळ्या महिन्यात. खाली पोकलेन लावून पात्र मोकळं करावं, तर पवना नदीतून दापोडीजवळ नवा लोंढा येतो. अनुकूल पाण्यात ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणजे महिनाभराचा उशीर केवढ्याला पडतो बघा.

त्यामुळे निविदा संयुक्त हवी. काम पवनेवरच्या रावेत बंधाऱ्यापासून खाली, दिवाळीनंतर लगेच, झाड फुलावर यायच्या आत. हद्दीच्या ठिकाणी वाहत येणारी जलपर्णी अडवायला तरंगते दोर आडवे टाकायचे आणि बिल टनावर नव्हे, मोकळ्या झालेल्या पात्राच्या क्षेत्रफळावर काढायचं. टनावर काढलं की ठेकेदार पाण्याचंच वजन विकतो; जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. काढलेला ढीग काठावर ठेवला तर पहिल्या पावसात परत नदीत. गाळातलं बी तर कित्येक वर्षं टिकतं.

अर्थात, जलपर्णी पोसते ती मैलापाण्यावर; वरच्या गावांचं ते पाणी पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) अडवलं नाही तर हे दरवर्षी करावं लागेल.