जुनी एमएक्स-५ घ्यायची आहे: कमी रीडिंगची की पावत्यांची?

उघडंछत
नमस्कार. बऱ्याच वर्षांची इच्छा आता पुरी करायची ठरवली आहे. दोन सीटांची, हलकी, हूड म्हणजे कापडी छत उघडणारी माझदा एमएक्स-५. नवी परवडणार नाही, म्हणून जुनीच बघतोय आणि दोन गाड्यांवर येऊन अडकलोय.

एक पहिल्या पिढीतली, १९९१ ची, १.६ लिटर. किलोमीटरचं रीडिंग भरपूर, रंग उडालेला, हूडची मागची प्लास्टिकची काच पिवळी पडलेली. मालकाकडे मात्र सगळ्या कामांच्या पावत्या आहेत. दुसरी २००१ ची, दुसऱ्या पिढीतली, १.८. रीडिंग निम्म्याहून कमी, रंग चकचकीत, आतून स्वच्छ. घरचे सगळे म्हणतात हीच घे.

रोज चालवणार नाही. पाना हातात धरायची सवय आहे, वेल्डिंग जमत नाही. घेतल्यानंतर खर्च कुठे कुठे निघतो? ज्यांनी स्वतः सांभाळली आहे त्यांनी सांगावं.

पानापकड
चकचकीत गाडीला अजून हो म्हणू नका.

माझ्याकडे पहिल्या पिढीतली १.६ आहे आणि तिची बहुतेक कामं मी स्वतः करतो. त्यावरून ठामपणे सांगतो की या गाडीत यंत्राचा खर्च झेपतो, पत्र्याचा झेपत नाही. वॉटर पंप, रेडिएटर, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोहोचवणारा), ब्रेकचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) ही सगळी घरी होणारी कामं आहेत. दाराखालचं सिल, म्हणजे तिथली पोकळ पत्र्याची पट्टी सडली, की कापायचं, नवा पत्रा वेल्ड करायचा, वर रंग. वेल्डिंग येत नसेल तर मजुरीच गाडीच्या किमतीच्या जवळ जाते.

सिल सडतं कसं ते समजून घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. हूडवरचं पावसाचं पाणी मागच्या पन्हळीत उतरतं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून मागच्या चाकांच्या पुढे खाली जातं. तिथे पानं, माती अडकली की वाट बंद. मग पाणी सीटमागच्या गालिच्याखाली शिरतं, सिलमध्ये साठतं, आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. रंगाला फोड दिसतो तेव्हा आत फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून मागच्या चाकाच्या लगेच पुढचा वीतभर भाग लोहचुंबकाने तपासा. लांबी (पुट्टी) भरून रंग मारला असेल तर चुंबक धरणार नाही. सीटमागचा गालिचा हाताने चाचपा. मालकाची हरकत नसेल तर पन्हळीत थोडं पाणी ओता आणि ते खाली कुठून निघतं ते बघा.

दुसऱ्या पिढीत आणखी एक जागा आहे आणि ती जास्त वाईट. पुढच्या चेसिस रेलचा (सांगाड्याच्या लांब तुळईचा) खालचा भाग दुहेरी पत्र्याचा आहे, दोन पत्र्यांच्या मध्ये ओल अडकते. पुढचं सस्पेन्शन जिथे धरलंय त्याच्या आसपासच हे होतं, त्यामुळे तो सुरक्षेचा प्रश्न आहे. वरून कितीही चकचकीत असो, लिफ्टवर घेतल्याशिवाय काहीच कळत नाही. ज्या रस्त्यांवर बर्फासाठी मीठ टाकतात तिथे चाललेली गाडी असेल तर दुप्पट लक्ष द्या.

आता १९९१ ची. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड होतं. बोल्ट नीट आवळला गेला नाही तर पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते, पुली डगमगते, टायमिंग सरकतं. १९९१ मध्येच हे टोक सुधारलं, म्हणून तुमच्या गाडीत कुठलं आहे ते सालावरून ठरवता येणार नाही. पुलीच्या तोंडावरच्या खाचा मोजा: चार असतील तर आखूड, आठ असतील तर सुधारलेलं. चार निघाल्या म्हणून गाडी सोडू नका. इंजिन चालू ठेवून पुली सरळ फिरते का ते बघा.

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची चाल पिस्टनशी जुळवणारा पट्टा) साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा, वयाने आधीच म्हातारा झाला असेल तर त्याआधी. या १.६ मध्ये बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, हा मोठा दिलासा. थंड इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) थोडे वाजतात, त्याला घाबरू नका. हायड्रॉलिक आहेत, ऑइल वेळेवर बदललं की बहुधा शांत होतात. इंजिनच्या मागच्या बाजूने ऑइल गळताना दिसलं तर कोणीतरी लगेच सांगेल की क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आधी हेडच्या मागे बसवलेल्या कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग (रबरी कडी) बघा. तिथून झिरपलेलं ऑइल बरोबर त्याच जागी येऊन थेंबतं, आणि ती रिंग अगदी किरकोळ किमतीची असते.

रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर तो बदलायचाच, हिशोबात धरा.

कमीवजन
पानापकड यांच्याशी सहमत, फक्त एक भर. मी लोटस एलिस सांभाळतो. तिची चेसिस चिकटवून जोडलेल्या ॲल्युमिनियमची, म्हणून सिलच्या गंजाची चिंता नाही. पण बाहेरचं अंग फायबरचं आणि पुढचा सगळा भाग एकाच तुकड्यात. पार्किंगमध्ये कोपऱ्याला ठोकर बसली तरी काम त्या अख्ख्या तुकड्यावर निघतं. पहिलीच हलकी गाडी असेल तर एमएक्स-५ पासून सुरुवात करणं शहाणपणाचं. कमी वजनाचा फायदा दोन्हींत सारखा मिळतो: टायर आणि ब्रेक पॅड फार सावकाश झिजतात.

उघडंछत
दोन्ही गाड्या लिफ्टवर घेतल्या. २००१ च्या पुढच्या रेलवर ताजा काळा डांबरी लेप आहे, बाकी खाली कुठेच नाही. मालक म्हणतो, काळजी म्हणून मारला. १९९१ च्या सिलवर चुंबक सगळीकडे धरतो, ओतलेलं पाणी चाकापुढूनच पडलं. पुलीला आठ खाचा. क्लचच्या ऑइलची डबी मात्र अर्धी रिकामी आहे आणि उजवं मागचं चाक हाताने फिरवताना जड जातं. अलाइनमेंट बिघडल्याचं मालकाने स्वतःहून सांगितलं. हे कितपत गंभीर?

पानापकड
फक्त रेलवरच ताजा लेप असेल तर ती गाडी सोडा. लेपाखाली काय आहे ते तो खरवडू देणार नाही, आणि न बघता घेणं तुमच्या ऐपतीतलं नाही.

१९९१ ची घ्या. मला मनापासून आनंद झाला, अशा सिलची पहिल्या पिढीतली गाडी आता शोधून मिळत नाही.

क्लचचं ऑइल बहुधा स्लेव्ह सिलिंडरमधून जातंय. त्याचं रबर उचलून बघा, आत ओलं असेल. मागचं जड चाक म्हणजे कॅलिपर धरतोय, जास्त उभ्या राहिलेल्या गाडीत हे होतंच. खरी मेहनत अलाइनमेंटमध्ये आहे. चारही चाकांना डबल विशबोन (वर-खाली दोन सस्पेन्शन आर्म) आहेत आणि चाकाचा कोन ठरवणारे एक्सेंट्रिक बोल्ट वर्षानुवर्षं न हलवल्याने बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबराच्या) नळीत गंजून बसतात. मग कापूनच काढावे लागतात, आणि कापलेच तर बुश त्याच वेळी नवे टाका, नाहीतर तीच मजुरी दोनदा द्याल. भाव करताना हे काम मोजून धरा. मालक प्रामाणिक दिसतो, ऐकेल.

बॅटरी डिकीत असते, म्हणून बंद प्रकारची, वायू बाहेर नेणारी नळी असलेलीच घ्या. साध्या बॅटरीचं ॲसिड सांडून डिकीचा तळ सडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आणि हूड खाली करण्याआधी त्या पिवळ्या काचेची चेन उघडून ती सपाट झोपवा, थंडीत तर नक्कीच, नाहीतर घडीवर तडकेल.