व्हजायनिस्मस आणि मागून घेतलेलं सिझर: तुमचे अनुभव

रानजाई
काल नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. झोपाळा, फुलांची वाडी, सगळं साग्रसंगीत. ओटी भरताना एक मावशी म्हणाल्या, "नॉर्मलच होऊ दे गं बाई. आजकालच्या पोरी सिझर मागून घेतात, कळा नकोत ना!" माझ्या हातात पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या होत्या. हसले आणि पुढे गेले. रात्री झोप नाही. मागून घेणाऱ्यांतली मीच ना. कळा मला चालल्या असत्या. मला बोट चालत नव्हतं.

२०१७, पुणे. लग्नाला चार वर्षं झालेली आणि आमच्यात 'तसं' काही झालंच नव्हतं. नवरा जवळ आला की आतून कडी लागायची. मी लावत नव्हते, लागायची. पहिल्या डॉक्टरीणबाईंनी तपासताना मांडीवर चापट मारली, "ढिलं सोड, नवऱ्यासमोर पण असंच करतेस का?" त्यानंतर दीड वर्ष दवाखान्याची पायरी चढले नाही. दुसऱ्या भेटल्या त्यांनी या प्रकाराला नाव आहे हे सांगितलं: व्हजायनिस्मस. आत काही जायला लागलं की योनीचे स्नायू आपोआप आवळतात. दिवस राहिले ते घरीच, सुई नसलेल्या सिरिंजने. (हो, राहतात. सासूबाई कुलदेवीला श्रेय देतात, देऊ देत.)

सातव्या महिन्यात म्हटलं, मला सिझर हवंय. त्यांनी घाई केली नाही. एपिड्युरल (कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन) घेऊन नॉर्मल होऊ शकतं हे नीट समजावलं. पण कळा सुरू झाल्या की दर काही तासांनी आतून तपासतात, रात्री ड्यूटीवर कोण असेल याची खात्री मी देणार नाही, हेही सरळ सांगितलं. मग ठरलं. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलं: 'आतून तपासणी नाही. कॅथेटर स्पायनलनंतरच.' म्हणजे लघवीची नळी कमरेखाली बधिर करणारी भूल दिल्यावरच. ती ओळ घरी येऊन कितीदा वाचली असेन. ३९ आठवडे भरल्यावरची तारीख. त्याआधीच पाणी गेलं तर? तरी थेट थिएटर, तेही लिहून घेतलं.

स्पायनल चढल्यावर पाय आपले राहत नाहीत, ओंडके होतात. मी सिस्टरना विचारलं, कॅथेटर कधी घालणार? त्या म्हणाल्या, "घालून झाला की." लेक रडली तेव्हा नाही, एवढी मी तेव्हा रडले.

कुणी असाल माझ्यासारख्या तर लिहा.

तूपसाखर
अगं!! मिठी. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

पाऊलवाट
मलाही हेच, पण माझं नॉर्मल झालं. पहिली तपासणीच एपिड्युरल चढल्यावर केली, त्यामुळे जमलं. लेकरू सव्वातीन किलो. गंमत ऐका, सगळ्या म्हणायच्या एकदा बाळंतपण झालं की मोकळं होईल. कसलं काय! बाळ बाहेर आलं, कडी तशीच. ती नंतर डायलेटरनी (आत घालून सवय करायच्या, लहानापासून मोठ्या होत जाणाऱ्या गुळगुळीत नळ्या) सुटली, आठ महिने लागले. सगळ्यात लहान करंगळीएवढा असतो, तो बघूनच मी पहिला आठवडा पिशवी कपाटात ठेवून दिली होती. रानजाई, तुझं आता कसं आहे? नको वाटलं तर नको सांगूस.

जिलबी
आमच्या वहिनीचं सिझर गुरुपुष्यामृतावर. गुरुजींनी २८ मिनिटांचा मुहूर्त काढून दिला, भूल देणारे डॉक्टर सिग्नलला अडकले. पुतण्या मुहूर्त टळल्यावर आला आणि आयुष्यभर तसाच उशिरा येतोय. मुद्दा काय, मुहूर्तासाठी मागितलं तर मावशीच पेढे खातात.

मोघम
पुरुषांनी इथे लिहावं का माहीत नाही. आमच्याकडे हेच होतं. तीन वर्षं मला वाटायचं मी तिला आवडत नाही, तिला वाटायचं मी सोडून जाईन. बाहेर दोघं मिळून "सध्या प्लॅनिंग नाही" म्हणायचो. मेव्हण्याने गुपचूप शिलाजीत आणून दिलं. घेतलं दोन महिने! कुणाला काय सांगणार, तुझ्या बहिणीचं सांगायचं त्यापेक्षा माझं वाटू दे.

जिलबी
@मोघम, लिहा हो बिनधास्त. शिलाजीतला साष्टांग.

सांधेजोड
फिजिओथेरपिस्ट आहे, पेल्विक फ्लोअरचंच, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचंच काम करते. दोन घरं पोळ्या... सॉरी, दोन पेशंटच्या मधे लिहितेय. हे मनावर घेतलं की सुटणारं नाही. डोळ्याजवळ बोट नेलं की पापणी मिटते ना, तसे ते स्नायू मिटतात. "रिलॅक्स" म्हणून पापणी उघडी राहते का? २०१३ पासून डीएसएममध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) हे वेगळं न ठेवता संबंधाच्या वेळी दुखण्याच्या त्रासाबरोबर एकत्र धरलंय, कारण दुखणं आणि धसका एकमेकांना खतपाणी घालतात.
गरोदरपणात बरीचशी सोनोग्राफी पोटावरूनच होते. आतून करायची म्हणाले तर कशासाठी ते विचारायचं, लाजायचं नाही. आणि सिझरने हा त्रास जात नाही, तो फक्त त्या दिवसापुरता वळसा आहे. वळसा घ्यायला हरकत नाही, पण ते मोठं ऑपरेशन आहे. पुढच्या खेपेला वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणावर चिकटायचा धोका वाढतो. दोन-तीन मुलं हवी असतील तर हे आधीच बोलून घ्या.

पाऊलवाट
दोन घरं पोळ्या 😂

लेस्टरवाली
इथे इंग्लंडमध्ये नाइसच्या (उपचार कसे करावेत हे ठरवणारी सरकारी संस्था) सूचना आहेत, सगळी चर्चा करूनही बाईला सिझरच हवं असेल तर द्यावं. कागदावर आहे, पण मिडवाइफला चार वेळा सांगावं लागलं. पाचव्यांदा नवऱ्याने सांगितलं. मराठीत मला आईलाही सांगता आलं नव्हतं, इंग्रजीत अनोळखी बाईला घडाघडा बोलले. आई आली होती बाळंतपणाला, शेगडी मिळेना म्हणून हेअर ड्रायरने शेक दिला तिने. स्मोक अलार्मच्या भीतीने ओव्याची धुरीपण खिडकीत!

कडूकारलं
आमच्या आज्यांची दहा-दहा झाली, तेव्हा नव्हतं हे काही. चोचले आहेत.

रानजाई
@कडूकारलं, माझ्या आजीची बहीण 'नांदली नाही' म्हणून लग्नानंतर सहा महिन्यांत माहेरी आणून सोडली होती. वाती वळत आयुष्य गेलं. का नांदली नाही ते कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आता ती नाही.
@पाऊलवाट, आता बरं आहे. पूर्ण नाही. पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) या वर्षी पहिल्यांदा झाली, त्यासाठी आत घालतात ते स्पेक्युलम लहान मागून घेतलं आणि आत सरकवलं माझं मीच.

तूपसाखर
आले परत. सगळं वाचलं. भात करपला.

नावनको
लग्नाला सात महिने. याला नाव आहे हे आज कळलं. डॉक्टरकडे जाऊन पहिलं वाक्य काय म्हणायचं?

रानजाई
म्हणू नकोस, चिठ्ठी दे. मी वहीच्या पानावर लिहून नेलं होतं: 'मला आतून तपासणी जमत नाही, आज करू नका, आधी बोलूया.' वाचून त्यांनी हातमोजे काढून ठेवले आणि खुर्ची पुढे ओढली. हातमोजे काढले नाहीत तर उठून ये. गाव कळव मला निरोपातून, जवळचं कुणी माहीत आहे का बघते.

नावनको
कळवते ताई.

लेस्टरवाली
अवांतर, डिंकाच्या लाडवात डिंक फुलत नाही माझा, मधे कच्चाच राहतो. का?

तूपसाखर
खडे मोठे घेत असशील. बारीक करून उन्हात ठेव. तुमच्याकडे ऊन नसेल तर हीटरजवळ. तूप तापलं की थोडा थोडा टाक.