मदत हवी आहे: केशर आंब्याची कोवळी कलमं उन्हाळ्यात तगवायला शेवग्याचा रस, समुद्री शेवाळ वगैरे फवारे खरंच कामाचे आहेत का?

माळरान (मार्च, दुसरा आठवडा)

नमस्कार मंडळी. आमची जमीन पाटोदा तालुक्यात, बीड जिल्हा. बालाघाटचा उतार, वीत-दीड वीत माती आणि खाली मुरूम. मी नोकरीला पुण्यात, शनिवार-रविवार गावी. रानात वडील असतात.

गेल्या जुलैत केशरची ११० कलमं लावली. उताराच्या दिशेने १० ओळी, ओळीत ११ कलमं. दिवाळीपर्यंत सगळं हिरवंगार होतं. जानेवारीत विहिरीने तळ गाठला, तेव्हापासून आठवड्याला एक टँकर विकत घेतो आणि घागरीने पाणी घालतो, कलमाला साधारण १५ लिटर. आजवर १९ गेली, ९१ उरलीत.

आता मूळ प्रश्न. कृषी सेवा केंद्रात 'दुष्काळाचं टॉनिक' म्हणून एक बाटली गळ्यात मारली. वर पानाचं चित्र आणि 'शंभर टक्के वनस्पतिजन्य', बाकी घटकांचा पत्ता नाही. ती अजून उघडलेली नाही. शेजारच्या रानातले काका म्हणाले, शेवग्याच्या पाल्याचा रस मार, फुकटात काम होईल. फेब्रुवारीत मारला. पाला ठेचून रात्रभर भिजवला, दहापट पाणी घालून दुसऱ्या दिवशी दुपारनंतर फवारला. वास असा की वडिलांनी पंप गोठ्याबाहेर ठेवायला लावला. नोझल तीनदा तुंबलं ते वेगळंच.

पण परिणाम दिसला! दहा-बारा दिवसांत लालसर कोवळी पालवी फुटली. मी खूश होऊन फोटोही काढले. पुढच्या शनिवारी गेलो तर तीच पालवी कडेने करपून मान टाकून लोंबत होती. वडील एवढंच म्हणाले, "झाडाला तहान लागलीय अन् तू त्याला टॉनिक पाजायलास."

तर, (१) माझं कुठे चुकलं? (२) शेवगा, समुद्री शेवाळ, सॅलिसिलिक आम्ल, ट्रायकाँटॅनॉल यातलं कोवळ्या झाडाची पाण्याच्या ताणाची सहनशक्ती खरोखर वाढवणारं काय आहे? (३) मे महिना काढायचाय. काय करू?

प्रयोगवही

पालवी फुटली हा परिणाम खराच, पण तुम्हाला हवा त्याच्या उलटा. शेवग्याच्या कोवळ्या पाल्यात झिएटिन हे संजीवक असतं, सायटोकायनिन गटातलं. ते पेशींना वाढीचा निरोप देतं आणि पानं पिवळी पडणं लांबवतं. ताणात सापडलेलं झाड मात्र नेमकं वाढ थांबवायला बघत असतं. माती सुकू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे ताणाचं संजीवक वाढतं, पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मिटतात आणि पाणी उडून जाणं कमी होतं. तुम्ही त्याच वेळी दहापट पाण्यातला घट्ट रस मारलात. खाली मुळं पाणी देईनात आणि वर नव्या पानांचा खर्च वाढला.

रसाची कृतीही चुकली. ताजा कोवळा पाला अगदी थोड्या पाण्यात वाटायचा (१० किलोला लिटरभर), फडक्यातून पिळायचा आणि तीसपट पाणी घालायचं. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला अर्धा लिटर रस. पाला तोडल्यापासून पाच तासांत फवारून संपवायचा. रात्रभर ठेवलेला रस आंबतो, तुमच्या वडिलांचं नाक बरोबर होतं. वापरायचाच असेल तर पावसाळ्यात, बुडाशी ओल असताना वापरा. आत्ता नको.

बाकीच्यांबद्दल:

ट्रायकाँटॅनॉल मूळचं लसूणघासातलं. १९७७ मध्ये अमेरिकेत त्याचा वाढीवरचा परिणाम दाखवला गेला. तेही वाढीलाच ढकलणारं, म्हणून आत्ता लांब ठेवा.

सॅलिसिलिक आम्लाचं नाव लॅटिन 'सालिक्स'वरून आलं. सालिक्स म्हणजे आपल्या ओढ्याकाठचं वाळुंज ज्या कुळातलं, ते झाड. हे वाढीचं औषध नाही, झाडाला सावध करणारा निरोप आहे. अगदी कमी प्रमाणात, म्हणजे १० लिटरला १ ग्रॅमच्या आसपास. पाण्यात ते नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यावं लागतं. प्रमाण वाढलं की पानं भाजतात. आणि निरोप संकटाआधी पोचला तरच उपयोगाचा. दुपारी पानं लोंबायला लागल्यावर मारलंत तर काही हाती लागणार नाही.

समुद्री शेवाळावर त्यातल्या त्यात विश्वास ठेवण्यासारखं काम झालंय, आणि तेही कोवळ्या झाडांवर. फ्लोरिडात कुंड्यांतल्या हॅमलिन जातीच्या संत्र्याच्या रोपवाटिकेतल्या रोपांवर ॲस्कोफायलम या तपकिरी शेवाळाचा अर्क वापरून पाहिला, २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पाणी कमी केलेल्या रोपांत अर्क दिलेली सरस ठरली. मात्र लक्षात घ्या, तिथे पाणी *निम्मं* केलं होतं, बंद नव्हे. बाटली विकणारा हे सांगत नाही.

घटक न छापलेली बाटली परत करा. २०२१ पासून अशी जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आलीत. त्यात काय आहे आणि किती, हे वर लिहिलेलं असायला हवं.

कोयकलम

वरचं सगळं मान्य. माझा प्रश्न वेगळा आहे: मेलेलं एखादं कलम उपटून बघितलंत का? मुळं कशी दिसतात?

माळरान

आज तीन उपटली. दोन तर हाताने अलगद वर आली. पिशवीच्या आकाराचा मातीचा गोळा तसाच्या तसा, आणि तळाशी मुळांची अगदी चुंबळ झालेली. जुलैपासून एक मूळ बाहेर गेलेलं नाही! तिसऱ्याची दोन मुळं मुरमापर्यंत जाऊन आडवी वळलेली.

शिवाय सहा-सात कलमांना जोडाच्या खालून फुटवे आलेत. पानं जोमदार दिसत होती म्हणून मी खूश होतो.

कोयकलम

ते गावठी खुंटाचे, म्हणजे ज्यावर केशर बांधलंय त्या रोपाचे फुटवे, आजच काढा. नाहीतर वरचं केशर वाळेल आणि तुम्ही गावठी आंबा सांभाळत बसाल.

चुंबळीचं दुखणं पिशवीतलं. फार दिवस पिशवीत राहिलेलं कलम आलं की असंच होतं. सोटमूळ तळाला आपटून गोल फिरतं. लावताना तळाची गुंडाळी कापून मुळं मोकळी करायला हवी होती. आता हलवू नका. वर काहीही फवारलंत तरी १५ लिटर घागरीतल्यातलं निम्मं पाणी त्या गोळ्याच्या बाहेरूनच निघून जातं.

बांधावरची

दादा, मी माणदेशातली. आमच्याकडे पावसाळासुद्धा उन्हाळ्यासारखाच, म्हणून सांगते. टँकरचं पाणी घागरीने ओतू नका. सात-आठ लिटरची मडकी घ्या, बुडाला भोक पाडून सुती चिंधीची वात घट्ट बसवा. खोडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा आणि वर झाकण ठेवा. झाकण विसरू नका, उघड्या मडक्यात खारी पडून मरतात. पाच-सहा दिवसांनी भरायचं. तुमच्या ९१ कलमांना एका भरणीला ७०० लिटरच्या वर थोडं लागेल. आत्ता तुम्ही जवळपास दुप्पट ओतताय.

बुडाला तुरीचं भुसकट किंवा सोयाबीनची गुळी चार बोटं जाड अंथरा, पण खोडापासून वीतभर लांब. मुरमाड रानात वाळवी फार, पार सालीपर्यंत चढते. आम्ही खाली निंबोळी पेंड भुरभुरतो. पश्चिमेच्या अंगाला तुराट्यांचा आडोसा करा, तीन ते पाचचं ऊन तिकडूनच मारतं.

फवारायची हौसच असेल तर केओलीन मारा, लिटरला ८० ग्रॅम. वनस्पतीतलं नाही, पांढरी माती आहे. पण पानावर ऊन कमी बसतं, पाणी कमी उडतं. झाडं चुना फासल्यासारखी दिसतात, लोक हसतात. हसू द्या.

माळरान

ताई, मडक्यांची ऑर्डर कुंभाराला दिली. फुटवे काढले. बाटली दुकानदाराने परत घेतली नाही, पडून आहे.

तरी समुद्री शेवाळ एकदा बघायचंय, यावेळी घटक छापलेलं. आता निम्मं पाणी तरी मिळतंय, म्हणजे फ्लोरिडासारखं झालं ना? :)

प्रयोगवही

बघा, पण सगळ्यांवर मारू नका. एक आड एक ओळ फवारा आणि उरलेल्या ओळींवर त्याच दिवशी साधं पाणी मारा. तुमच्या ओळी उतारावरून खाली जातात हे चांगलं, प्रत्येक ओळीत वरची हलकी आणि खालची भारी जमीन दोन्ही येतात. सकाळी आठच्या आत फवारा, मडकी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि पानं दुपारी बघू नका, दुपारी सगळीच मान टाकतात. पहाटे बघा. रात्रभरात जे पान सावरलं नाही ते खरं ताणात आहे.

माळरान (जून, तिसरा आठवडा)

मंडळी, काल पहिला चांगला पाऊस झाला. धागा वर काढतोय कारण हिशेब द्यायचा राहिला होता.

मडकी, भुसकट, आडोसा सगळ्यांनाच केलं. शेवाळाचा अर्क १, ३, ५, ७, ९ या ओळींना, पंधरा दिवसांनी एकदा, चार वेळा. फवारलेली ४६ होती, ४१ जगली. साध्या पाण्याची ४५ होती, ३९ जगली. पाच गेली आणि सहा गेली, याला मी फरक म्हणणार नाही. वडिलांच्या मते फवारलेल्या ओळींची पानं पहाटे जास्त ताठ असायची. पण कुठल्या ओळी फवारल्यात हे त्यांना माहीत होतं, आणि अर्काचे पैसे त्यांच्याच खिशातून गेले होते.

गेलेल्या ११ पैकी ९ वरच्या अंगाची निघाली, जिथे पहार मारली की खणकन वाजते. कुठल्याही ओळीत बघा, तिथेच गेलीत.

मार्चपर्यंत जेमतेम अडीच महिन्यांत १९ गेली होती, ऐन उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ११. टँकरही आठवड्याऐवजी दहा-बारा दिवसांनी पुरला. केओलीन मारलं नाही. वडील म्हणाले, झाडांना चुना लावला तर भावकी नाव ठेवील.

आता शेवटचा प्रश्न. ३० खड्डे रिकामे आहेत. पुन्हा पिशवीतली कलमं आणू की वेगळं काही?

कोयकलम

पिशवी नकोच. जागेवर गावठी कोय लावा आणि पुढच्या वर्षी तिथेच केशरची काडी भरून कलम करा. सोटमूळ सरळ खाली जाईल, मुरमातल्या भेगा स्वतः शोधील. वरच्या अंगाला तर हेच करा, पण आधी पहारीने खड्डा मुरमाच्या खाली हातभर फोडून घ्या.

कोय ताजी हवी, उन्हात वाळलेली उगवत नाही. या आठवड्यात खाल्लेल्या आंब्यांच्या धुऊन सावलीत ठेवा आणि लगेच लावा. खड्ड्याला दोन, पोट खाली, पाठ वर.

माळरान

गावठीचे आंबे मावशीकडे अजून आहेत. रविवारी पाटी भरून आणतो. खायला घरात माणसं कमी पडणार नाहीत.