प्रतिसाद : सारखं आडनाव, वेगळं मूळ

वर विचारलंय की आडनाव सारखं असेल तर मूळ एकच मानायचं का. कोकणापुरतं तरी माझं ठाम मत: नाही.

आपल्याकडचं 'कर' गाव सांगतं, कूळ नाही. पेणकर हिंदू आहेत, तसेच बेने इस्रायलीही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वज उतरले, अशी या ज्यूंची परंपरा. तेल गाळायचं, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं मात्र त्यांनी राहत्या गावांवरून घेतली: रोहेकर, नवगावकर, किहीमवरून केहीमकर. पारकर हिंदूंत आहेत, कोकणी मुसलमानांतही. एवढ्यावरून धर्मांतराच्या कथा रचणं मला अन्यायाचं वाटतं.

रोमन लिपीने तर आणखी घोळ केलाय. १९६३ साली भारतरत्न मिळालेले पां. वा. काणे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांचं आडनाव रोमनमध्ये जसं लिहितात, अगदी तसंच आयरिश 'केन' लिहितात. ते आलंय 'ओ काहान' या घराण्याच्या नावावरून, म्हणजे काहान नावाच्या पूर्वजाचे वंशज. गोरे हेही तसंच. इंग्रजांतलं 'गोर' त्रिकोणी जमिनीच्या तुकड्यावरून पडलं. आपल्या गोऱ्यांशी त्याचा काडीचा संबंध नाही.

तेव्हा नातं शोधायचं तर आधी गाव, कुलदैवत आणि जुने सातबारे बघा.