जुळ्यांचं बोरन्हाण, वर तीन मोठी भावंडं आणि सोसायटीतली मुलं: कसं आखायचं?

नाशिककर_धाकटी_सून

आमच्या एकत्र घरात पाच मुलं आहेत. जुळ्या मुली जानेवारीत दहा महिन्यांच्या होतील, त्यांचं पहिलंच बोरन्हाण आहे. त्यांच्यावर पुतण्या, तीन वर्षांचा. "मला पण लूट" हे त्याचं आत्तापासून चालू आहे. मग सहा वर्षांची मुलगी (खालचा पुढचा दात हलतोय) आणि नऊ वर्षांचा मोठा पुतण्या. सोसायटीतली धरून लुटीला पंधराएक मुलं होतील.

हे विचारायचंय:
यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, कोणता दिवस धरावा? रविवारच हवा असं नाही.
सामान किती आणायचं? दरवेळी बोरं उरतात आणि गोळ्या कमी पडतात.
जुळ्या दिसेल ते तोंडात घालतात. बोराची बी, घाटे (हरभऱ्याच्या ओल्या शेंगा), हलवा यांचं काय करायचं?
हलव्याचे दागिने दोघींना चढवून फोटो निघेपर्यंत दोघी शांत राहाव्यात, यासाठी काय करता येईल?

---

सातारची_मावशी

आधी दिवसाचं बघू. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करतात. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. रथसप्तमी ही माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे तिथी, त्यामुळे ती पुढेमागे होते. २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला होती, तेव्हा तीन आठवडे मोकळे मिळाले. यंदा ती २५ जानेवारीलाच आहे, हातात फक्त बारा दिवस. १५ तारखेला किंक्रांत, तो दिवस बहुतेक घरांत टाळतात. रविवार १८ ला पौष अमावास्या आहे, तुमच्याकडे पाळत असतील तर तोही गेला. २२ ला माघी गणेश जयंती, घरी गणपती असेल तर त्या दिवशी हे काम अंगावर घेऊ नका. शनिवार २४ चांगला, २५ ला रथसप्तमीही आणि रविवारही. मी २४ धरेन. कारण रथसप्तमीला हळदीकुंकवाचीही शेवटची गर्दी असते आणि निम्म्या बायका उशिरा येतात. हळदीकुंकू त्याच दिवशी करायचं असलं तर बोरन्हाण साडेचारला आणि वाण साडेसहाच्या पुढे. दोन्ही एकत्र आलं की मुलं लुटीत आणि बायका अत्तरगुलाबात, कोणाचंच लक्ष कोणाकडे राहत नाही.

आता सामान. एकूण किलोत मोजू नका, मुलामागे मोजा. एका मुलाला आठ-दहा बोरं, चार उसाचे करवे (तुकडे), मूठभर घाटे, तिळाच्या दोन वड्या आणि वेष्टनातल्या चार-पाच गोळ्या. पंधरा मुलांना दीड किलो गावरान बोरं, एक मोठा सोललेला ऊस, घाट्यांच्या डहाळ्यांच्या तीन-चार जुड्या, तीस वड्या, पाऊणशे गोळ्या. तुमची बोरं उरतात कारण ती किलोवर येतात आणि गोळ्या पाकिटावर.

बोरं छोटी गावरानच घ्या. ॲपल बोर नावाचं जे मोठं हिरवं मिळतं ते डोक्यावर पडलं तर लागतं, आणि चवीलाही पचपचीत. ऊस सकाळीच चिरा. पेरं काढून टाका, दोन इंचांचे तुकडे करा, उभे चिरा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आदल्या रात्री चिरलेला ऊस काळा पडतो आणि आंबूस लागतो.

---

बालविभाग_परिचारिका

मावशींच्या यादीला एक पुरवणी, आणि ती सगळ्यात महत्त्वाची: दोन वेगळी पातेली करा.

पहिलं पातेलं डोक्यावरून ओतायचं. त्यात फक्त कुरमुरे (अर्धा किलो भरपूर होतात) आणि फुलांच्या पाकळ्या. दुसरं पातेलं लुटीचं. बोरं, करवे, घाटे, वड्या, गोळ्या सगळं त्यात. पहिलं जुळ्यांवर, दुसरं जुळ्यांना उचलून नेल्यानंतर चादरीवर. विधी तोच राहतो. नावापुरतं बोर हवं असेल तर पाच बोरं आजीने हातात धरून दोघींच्या डोक्यावरून उतरवावीत आणि दुसऱ्या पातेल्यात टाकावीत.

कारण साधं आहे. दहा महिन्यांच्या बाळाला अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू उचलता येते, पण चावायला दाढा नसतात. बोराची बी, अख्खा हरभरा, शेंगदाणा, हलव्याचा दाणा, कडक गोळी हे सगळं त्या श्वासनलिकेत अडकण्याच्या मापाचं. कुरमुरा लाळेत लगेच मऊ पडतो, तरी मूठ भरून कोंबू देऊ नका. लाह्या आणि पॉपकॉर्न मात्र नकोतच, त्यांचं टरफल घशाला चिकटतं. आणि हे जुळ्यांपुरतं नाही. तीन वर्षांच्यालाही शेंगदाणे आणि कडक गोळ्या अजून नकोत, त्याच्या पिशवीत मऊ वडी आणि बी काढलेली बोरं घाला.

अडकलंच तर: बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठीत धपाटे घालू नका. खोकला येत नाही, आवाज फुटत नाही, चेहरा निळसर पडतोय, असं दिसलं तर बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाब. वस्तू निघेपर्यंत पाच-पाच आलटून पालटून. दुसऱ्याने तेवढ्यात १०८ ला फोन करायचा. बाळाचं भान हरपलं तर लगेच छातीदाब आणि श्वास सुरू करायचे. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. एक वर्षावरच्या मुलाला पाठीत पाच थापा आणि मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच झटके. पोटावरचे झटके वर्षाच्या आतल्या बाळाला कधीच नाहीत.

तीन वर्षांच्याचं नाक-कानही सांभाळा. या वयात हरभरा नाकात घालून बघायची फार हौस असते. गेला तर चिमट्याने काढायला जाऊ नका, तो आत सरकतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कोणाला कळलंच नाही आणि चार दिवसांनी एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येऊ लागलं, तर आधी हीच शंका घ्या.

आणि लुटीत आजकाल दिवे लागणारी, वाजणारी खेळणी टाकतात, ती अजिबात नको. त्यांत चपटा बटण सेल असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा. फुग्यांचे फुटलेले तुकडेही लगेच वेचा.

---

दागिनेवाली_डोंबिवली

हलव्याच्या दागिन्यांबद्दल लिहिते.

विकतचा संच घेताना उलटा करून बघा. टाचणी, तार, स्टेपलची पिन दिसली तर घेऊ नका. पुठ्ठ्यावर चिकटवलेला मुकुट आणि दोऱ्यात ओवलेला हार बरा. मागे कापडी बंद हवेत, रबर नको. दहा महिन्यांच्या मुलीला मुकुट, हार, बाजूबंद एवढं पुरे. बांगड्या आणि पैंजण थेट तोंडात जातात. कंबरपट्टा बसल्यावर पोटाला टोचतो. काटेरी हलवा मानेलाही टोचतो आणि रडण्याचं निम्मं कारण तेच असतं, म्हणून हाराच्या आतल्या बाजूने मऊ सुती कापडाची पट्टी टाचा.

दमट हवेत हलवा पाघळतो. तुमच्या नाशकात जानेवारीत एवढा त्रास नाही, मुंबई-कोकणात फार. घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला तांदळाची पुरचुंडी ठेवून वर दागिने ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलेत तर बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरतं आणि दाणे गळायला लागतात. लहान मुलं हार चाटतातच. ओला झाला की दाणा सुटतो आणि तोंडात राहतो, म्हणून दागिने अंगावर दहा मिनिटांच्या वर नकोत.

काळं झबलं आधी दोनदा धुऊन घ्या. नव्या काळ्या कापडाचा रंग लाळेने सुटतो आणि हनुवटी काळी होते. दोघींच्या झबल्यांना वेगवेगळ्या रंगाचे काठ लावा, एकीला लाल, एकीला हिरवा. पाच वर्षांनी फोटोत कोण कोणती हे आईलाही ओळखू येत नाही.

फोटोचा क्रम: आधी फोटो, मग औक्षण, मग कुरमुरे. खिडकीच्या उजेडात बसवा, मागे फिकी भिंत हवी, काळ्यामागे काळं नको. फोन बाळांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, म्हणजे फोटो काढणाऱ्याने जमिनीवर बसायचं. पडद्यावर बाळाच्या चेहऱ्यावर बोट ठेवा, नाहीतर काळ्या कपड्यांमुळे फोन उजेड वाढवतो आणि पांढरा हलवा नुसता चकाकतो. सलग फोटोंची सोय चालू ठेवा. दोघी एकदम समोर बघतायत असा एखादाच फोटो निघतो.

---

नाशिककर_धाकटी_सून

दोन पातेल्यांचं तर सासूबाईंनाही पटलं. आता तीन वर्षांच्याचं सांगा. त्याचंही बोरन्हाण करायचं म्हणतायत. आधी त्याचं की जुळ्यांचं?

---

सातारची_मावशी

पाच वर्षांपर्यंत करतात, त्यामुळे त्याचंही जरूर करा. आधी त्याचंच. त्याला काय होणार ते माहीत असतं, तो हसतो, आणि ते बघून बाळं घाबरत नाहीत.

---

पाळणाघर_ताई

मावशी, एरवी मान्य, पण पंधरा मुलं असताना नाही. त्याच्यावर पहिली वाटी ओतली की सगळी चादरीवर झेपावतात, आणि मग जुळ्यांना त्या गर्दीत बसवताच येत नाही. त्याला आधी बसवायचं तर त्याच्यावरही फक्त कुरमुरेच, आणि लूट नाही. तीन वर्षांच्या मुलाला ते समजावणं अवघड आहे. म्हणून जुळ्या आधी, तो नंतर, आणि त्याच्याच पाटावरून लूट सुटते. त्याला काम द्या: जुळ्यांवर पहिली मूठ त्याने टाकायची. नुसतं "थांब" म्हणण्यापेक्षा हे चालतं.

क्रम असा ठेवा. दुपारची झोप झालेली, दूध पिऊन निदान अर्धा तास झालेला. चादरी दोन, एकमेकींवर हातभर चढवून. फरशीवर सांडलेल्या कुरमुऱ्यांवरून पाय सटकतो. दोघींचे पाट शेजारी, मागे एकेक मोठं माणूस टेकायला. या दोन माणसांच्या हातात फोन नको, त्यांचं काम फक्त धरणं आणि उचलणं. औक्षण झालं की निरांजनाचं तबक लगेच दुसऱ्या खोलीत न्यावं, कारण दहा महिन्यांचं बाळ ज्योतीकडे हात टाकतंच. मग प्रत्येकीवर तीन वाट्या कुरमुरे, हळूहळू, कपाळावरून नाही तर मागच्या बाजूने, म्हणजे डोळ्यांत जात नाहीत. एक रडली की दुसरी रडते, तेव्हा तिसरी वाटी राहिली तरी चालेल. उचला, दागिने काढा, कपड्यांच्या घड्या झटका, डायपरच्या कडेत आणि मुठीत काही राहिलंय का बघा.

मग तीन वर्षांचा पाटावर, आणि दुसरं पातेलं. लूट म्हणायच्या आधी सगळ्यांच्या हातात नाव लिहिलेली कागदी पिशवी. पाच वर्षांच्या आतल्यांना एक मिनिट आधी सोडा, मग मोठ्यांना. नऊ वर्षांच्याला वेळ मोजायला लावा, तो लहानांना ढकलणार नाही. पाव भाग सामान मागे राखून ठेवा, ज्याच्या पिशवीत फक्त कुरमुरे आले त्याला शेवटी द्यायला. गोळ्या कमी पडल्याची रडारड तिथेच थांबते.

संपल्यावर चादरींचे चारही कोपरे उचलून गाठोडं बांधा, तिथे झाडू नका. हलव्याचा चुरा फरशीच्या फटीत गेला की रात्रीपर्यंत मुंग्या. साबणाच्या पाण्याने लगेच पुसून घ्या.

---

नाशिककर_धाकटी_सून

आणि दात? बरोबर त्याच दिवशी पडला तर?

---

बालविभाग_परिचारिका

सहाव्या वर्षी खालचे मधले दोन दात आधी पडतात, त्यामुळे अगदी वेळेवर आहे. तिला करवे आणि चिक्की देऊ नका, उसाच्या चोथ्यात दात निघून येतो आणि ती घाबरते. पडलाच तर स्वच्छ ओल्या कापसाची घडी दहा मिनिटं दाताखाली धरायला सांगा, मध्ये काढून बघायचं नाही. गिळला गेला तर काही करायचं नाही, शौचातून जातो. मात्र दात गेल्यावर खोकला लागला किंवा श्वासाला घरघर येऊ लागली तर डॉक्टरांना दाखवा.

कुरमुऱ्यांत हरवला तर चाळत बसू नका, पांढऱ्यात पांढरं दिसत नाही. चादरीवरचं सगळं बादलीभर पाण्यात ओता आणि ढवळा. कुरमुरे तरंगतात, हलवा थोड्या वेळात विरघळतो, दात तळाशी बसतो. वरचं गाळून घ्या आणि तळ हाताने चाचपा. मग कौलावर टाका किंवा मातीत पुरा, तुमच्याकडे असेल ते.

आरसा घेऊन हिरडीही बघा. नवा दात मागून डोकावत असेल आणि दुधाचा अजून पुढे उभा असेल, तर या वयात हे नेहमी दिसतं. जीभ नव्याला पुढे ढकलते आणि दुधाचा सुटतो. दोन-तीन महिन्यांत सुटला नाही तर दंतवैद्यांना दाखवा. याच सुमारास सगळ्यात मागे, काहीही न पडता, एक दाढ येते. ती दुधाची समजून घासताना सोडून देतात आणि कीड तिथूनच सुरू होते. ती कायमची आहे, ब्रश मागपर्यंत पोचतोय ना ते मोठ्या माणसाने बघायचं.